क्लिक मिळाले, पण वाचक कोठे आहे?

‘या’ तीन राशींचे नशीब उजळणार. ‘त्या’ फोटोवर अभिनेत्रीने अखेर मौन सोडले. पुढे जे घडले ते पाहून थक्क व्हाल. मोबाइलवर मराठी बातम्या वाचणाऱ्या कोणालाही सकाळचा चहा होईपर्यंत अशा पाच-दहा ओळी दिसून गेलेल्या असतात. त्यांना आपण सगळेच नावे ठेवतो. तरी त्या रोज लिहिल्या जातात, कारण त्यांच्यावर बोट पडते. दुसऱ्या टोकाला महिनाभर खपून लेख लिहिणारा माणूस असतो. तो लेखाचा दुवा फेसबुकवर टाकतो आणि वर लिहितो, ‘माझा नवा लेख, जरूर वाचा.’ दोन मावशा आणि एक वर्गमित्र अंगठा देतात आणि विषय संपतो.

जास्त वाचक आणणारा मथळा कसा लिहावा, समाजमाध्यमावरची पोस्ट कशी मांडावी आणि त्यासाठी किती पायऱ्या खाली उतरावे, हा प्रश्न आता फक्त वृत्तपत्राच्या डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाचा राहिलेला नाही. शाळेचे मुख्याध्यापक, नाट्यसंस्थेचा कार्यकर्ता, घरगुती मसाले विकणारी गृहिणी, दिवाळी अंकाचा संपादक असे सगळेच आता मथळे लिहितात. गेल्या दशक-दीड दशकात या प्रश्नावर बरेच संशोधन झाले, व्यासपीठांनी आपले नियम अनेकदा बदलले आणि मराठीची स्वतःची जुनी परंपरा तर आहेच. या तिन्हींचा एकत्र आढावा घेतला, तर हाती काही ठोस लागते.

मराठी मथळ्याची जुनी पुंजी

लोकांना धरून ठेवणारे शीर्षक ही इंटरनेटची देणगी आहे, असा एक समज दिसतो. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा आजच्या अर्थाने मथळा नव्हता. मजकूर सलग येई, वर फार तर विषयाचे नाव असे. शीर्षकाची खरी ताकद मराठी वाचकाला ‘केसरी’ने दाखवली. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या काळात ब्रिटिश अधिकारी रँडचा वध झाला आणि त्यानंतर सरकारने शहरावर दडपशाही सुरू केली. तेव्हा टिळकांनी अग्रलेखाला शीर्षक दिले, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पाठोपाठ आला ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर त्यांनी लिहिलेल्या अग्रलेखाचे शीर्षक ‘उजाडले, पण सूर्य कोठे आहे?’ हे तर आजही संपादकीय बैठकीत सहज कोणाच्या तोंडी येते.

या शीर्षकांची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. दोन प्रश्नार्थक आहेत, एक ठाम विधान आहे. शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. ‘डोके ठिकाणावर असणे’ हा वाक्प्रचार चावडीवरच्या माणसालाही कळतो. मुख्य म्हणजे लेखकाची भूमिका शीर्षकातच उघड होते. ते वाचून अग्रलेख न वाचणाऱ्यालाही ‘केसरी’ काय म्हणतो ते कळे, आणि तरीही वाचावेसे वाटे. लोकमान्यांनी काही झाकून ठेवले नव्हते. पुढे १९०८ साली ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. ही दोन्ही शीर्षके मात्र किती संयमी आहेत! धार आत होती, वर आरडाओरड नव्हती.

रंजक आणि चटपटीत मथळ्यांची दुसरी परंपरा अच्युत बळवंत कोल्हटकरांपासून सुरू झाली असे मानले जाते. १९१५ साली मुंबईत त्यांनी ‘संदेश’ काढला. बातमी खमंग करून द्यायची, मथळ्याने वाचकाला थांबवायचे, ‘वत्सलावहिनींची पत्रे’सारख्या सदराने घरातल्या बायकांनाही वर्तमानपत्राकडे ओढायचे, हे त्यांनी जाणीवपूर्वक केले. गंभीर वृत्तपत्रवाल्यांनी नाके मुरडली, वाचकांनी अंक विकत घेतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. तिथे मथळा हे थेट शस्त्र झाले. म्हणजे आज ज्या दोन टोकांवर वाद चालतो, भारदस्त की चटकदार, तो मराठीत शंभर वर्षांहून जुना आहे. नवे काही असेल तर ते एवढेच, की पूर्वी वाचक अंक विकत घेई आणि मथळा आवडला नाही तरी पान त्याच्या हातात असे. आता प्रत्येक मथळा एकटा बाजारात उभा आहे. त्याच्या वरती एखाद्याच्या लग्नाचा फोटो, खाली क्रिकेटची चित्रफीत.

कुतूहलाचे शास्त्र

माणूस मथळ्यावर बोट का ठेवतो, याचे सर्वात जास्त उद्धृत झालेले उत्तर जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ साली दिले. आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते, यांच्यामधल्या दरीची जाणीव झाली की अस्वस्थता येते, आणि ती भरून काढायला आपण धडपडतो. यातला महत्त्वाचा भाग सहसा विसरला जातो. दरी जाणवायला आधी थोडे माहीत असावे लागते. ज्याविषयी काहीच ठाऊक नाही, त्याविषयी कुतूहल नसते.

या सिद्धांताचा कारखाना केला ‘अपवर्दी’ या अमेरिकी संकेतस्थळाने. मार्च २०१२ मध्ये ते सुरू झाले. प्रत्येक मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहायचे, त्यातले काही निवडून वेगवेगळ्या वाचकांना दाखवायचे आणि ज्यावर जास्त बोटे पडतील तो ठेवायचा, ही त्यांची पद्धत. २०१३ च्या अखेरीस महिन्याला आठ कोटींहून अधिक लोक तिथे येत होते. ‘पुढे काय झाले ते तुमचा विश्वास बसणार नाही’ छापाचे मथळे जगभर पसरले, त्यात या संकेतस्थळाचा मोठा वाटा आहे. फेसबुकने नियम बदलल्यावर हा डोलारा खाली आला. पण त्याने अभ्यासकांना मोठे घबाड दिले. बत्तीस हजारांहून अधिक मथळा-चाचण्यांची नोंद २०२१ मध्ये संशोधनासाठी खुली झाली.

त्या नोंदींतून काय निघाले? २०२३ साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे एक लाख पाच हजार मथळे तपासले गेले. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते, आणि सकारात्मक शब्दाने ते घटते, असे दिसले. आपल्याकडच्या ‘हादरले’, ‘खळबळ’, ‘धक्कादायक’ या शब्दांचा सुकाळ का, याचे उत्तर इथे आहे. पण आकडा पुन्हा एकदा पाहा. हा जोर आहे २.३ टक्क्यांचा. तेवढ्यासाठी महाराष्ट्राला रोज सकाळी हादरवायचे का, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

त्याआधी २०१२ मध्ये जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे सुमारे सात हजार लेख तपासून कोणते लेख वाचक एकमेकांना पाठवतात ते पाहिले. राग आणि चिंता यांनी लेख पसरत होता, हे अपेक्षितच. पण थक्क करणारे, भारावून टाकणारे लेखही तितक्याच उत्साहाने पाठवले जात होते. नुसते दुःख मात्र लोक पुढे पाठवत नाहीत, ते वाचून गप्प बसतात. ज्या भावनेने अंग हलते ती पसरते, ज्या भावनेने माणूस मिटतो ती पसरत नाही. खुशखबर विकली जात नाही, हे डेस्कवरचे जुने सूत्र त्यामुळे अर्धेच खरे ठरते.

आणखी एक निष्कर्ष लिहिणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावा असा आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि ‘अपवर्दी’च्या तीस हजारांहून अधिक चाचण्यांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या शब्दांच्या, सरळ वाक्याच्या मथळ्यांना वाचक अधिक पसंती देतात, हे त्यात दिसले. गंमत अशी की व्यवसायाने लिहिणाऱ्या लोकांवर हाच प्रयोग केला, तेव्हा सोपेपणाचा त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे लिहिणारे ज्या डोळ्यांनी मथळा पाहतात, ते वाचकाचे डोळे नसतात. मराठीत ‘पार्श्वभूमीवर’, ‘अनुषंगाने’, ‘संदर्भात महत्त्वपूर्ण निर्णय’ हे शब्द मथळ्यात कसे शिरतात, ते यावरून लक्षात यावे.

‘या’ आणि ‘त्या’ची करामत

मराठी संकेतस्थळांची खास निर्मिती म्हणजे एकेरी अवतरणातले सर्वनाम. ‘या’ शहरात घरे स्वस्त, ‘हा’ खेळाडू संघाबाहेर, ‘ती’ चूक महागात पडली. डेन्मार्कमधल्या ब्लॉम आणि हॅन्सन या अभ्यासकांनी २०१५ साली तिथल्या दहा बातमी-संकेतस्थळांवरचे एक लाख मथळे तपासले. मथळ्यात मुद्दाम एक रिकामी जागा ठेवायची आणि ती भरायला वाचकाला आत बोलवायचे, ही युक्ती त्यांना जागोजागी सापडली. विशेषतः जिथे जाहिरातीच्या पैशाचा आणि सनसनाटीचा जोर जास्त, तिथे ती अधिक दिसली. आपला ‘या’ हा त्याच कुळातला.

मराठी छापील पानावर हे अवतरण पूर्वीही होते, पण त्याचा रोख उलटा होता. ‘‘त्या’ वक्तव्याबद्दल मंत्र्यांची दिलगिरी’ असा मथळा आला, की ते वक्तव्य काल-परवा गाजलेले असे आणि वाचकाला ते माहीत आहे हे उपसंपादक गृहीत धरे. अवतरण ही वाचकाच्या स्मरणशक्तीला दिलेली दाद होती. आता तेच चिन्ह वाचकाला माहीत नसलेली गोष्ट लपवायला वापरले जाते. चिन्ह तेच राहिले, वाचकाशी असलेले नाते बदलले.

असेच ‘नेमके काय घडले?’, ‘वाचा सविस्तर’, ‘कारण ऐकून बसेल धक्का’ या शेपटांचे. पहिल्यांदा त्यांनी काम केले असेल. आज प्रत्येक मथळ्याला तेच शेपूट असल्याने डोळा त्यांच्यावरून घसरतो. ब्रिटिश पत्रकार इयन बेटरिज यांनी २००९ साली असे निरीक्षण मांडले होते, की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या मथळ्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. उत्तर ‘हो’ असते तर संपादकाने विधानच केले असते. मराठीतले ‘होणार का?’, ‘येणार एकत्र?’ हे राजकीय मथळे या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहेत. टिळकांचा प्रश्न आणि हा प्रश्न यांत फरक आहे. टिळकांना उत्तर माहीत होते आणि वाचकालाही ते कळत होते.

व्यासपीठांचे बदलते नियम

युक्त्या करणाऱ्यांची खरी अडचण म्हणजे त्यांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या मालकीची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की दुव्यावर क्लिक करून लगेच परत येणारे लोक आता मोजले जातील आणि अशा पोस्टचा प्रसार कमी केला जाईल. त्यांच्या पाहणीत ८० टक्के वेळा लोकांनी, आत जाण्याआधी निर्णय घ्यायला मदत करणारा मथळा पसंत केला होता. २०१६ मध्ये नियम आणखी कडक झाले आणि मथळ्याचे दोन दोष स्पष्ट नोंदवले गेले : माहिती मुद्दाम दडवणे आणि अतिशयोक्ती करणे. २०१७ च्या अखेरीस ‘आवडले तर लाइक करा, पाच जणांना टॅग करा’ अशी याचना करणाऱ्या पोस्टवर गंडांतर आले. जानेवारी २०१८ मध्ये तर आप्तमित्रांच्या पोस्टना प्राधान्य देऊन बातम्यांची आवकच कमी केली गेली. फेसबुकवर विसंबून उभ्या राहिलेल्या कित्येक संकेतस्थळांची वाचकसंख्या त्यानंतर कोसळली.

इतरांचीही तीच तऱ्हा. गूगल डिस्कव्हरच्या सूचनांत मजकुराचा गाभा सांगणारे आणि भुलवणी नसलेले शीर्षक द्यावे, चित्र किमान १२०० पिक्सेल रुंद असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतासाठी वेगळी घोषणा केली : थंबनेलवर किंवा शीर्षकात जे कबूल केले ते चित्रफितीत नसेल, तर ती काढून टाकली जाईल, ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींकडे विशेष लक्ष राहील. एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) ऑक्टोबर २०२३ मध्ये दुव्याखालचा मथळाच काढून टाकला आणि काही आठवड्यांनी बारीक अक्षरात परत आणला. तेव्हा ज्यांनी पोस्टमध्ये स्वतःचे वाक्य लिहिले नव्हते, त्यांच्या दुव्यावर नुसता फोटो उरला होता. फेसबुकच्या मालक कंपनीचेच अहवाल सांगतात, की अमेरिकेत फेसबुकवर पाहिल्या जाणाऱ्या पोस्टपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पोस्टमध्ये बाहेरचा दुवाच नसतो.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते. एखादी क्लृप्ती चालते हे कळेपर्यंत ती चालणे बंद होण्याची वेळ आलेली असते. ‘दुवा पहिल्या कमेंटमध्ये’, ‘संध्याकाळी सातलाच टाका’, ‘पंधरा हॅशटॅग हवेतच’ असले सल्ले पंचांगासारखे वाटले जातात. त्यांच्या मागे धावण्यापेक्षा, सगळ्या व्यासपीठांच्या सगळ्या नियमांत जे समान आहे ते धरावे. कबूल केले ते आत असावे, आणि आत आलेला माणूस थांबावा.

न वाचताच पुढे

आता या विषयातली सर्वात गंभीर बाब. २०१७ ते २०२० या काळात फेसबुकवर फिरलेल्या साडेतीन कोटींहून अधिक सार्वजनिक पोस्टचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी सुमारे ७५ टक्के दुवे पाठवणाऱ्याने उघडलेलेच नव्हते. ट्विटरबद्दल २०१६ च्या एका अभ्यासात हेच प्रमाण ५९ टक्के आढळले होते. २०२० मध्ये ट्विटरने ‘आधी वाचून पाहणार का?’ अशी सूचना दाखवायला सुरुवात केली, तेव्हा लेख उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. थोडे हटकले की लोक वाचतात, एवढा दिलासा त्यात आहे.

पण बहुतेकांसाठी मथळा हीच बातमी असते. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की दिशाभूल करणाऱ्या मथळ्याचा ठसा पूर्ण लेख वाचल्यानंतरही पुसला जात नाही. आतल्या चौथ्या परिच्छेदात दुरुस्ती केली की आपण सुटलो, असे मानणाऱ्यांना हे उत्तर आहे. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ट्विटरवरची सव्वा लाखांहून अधिक प्रकरणे तपासली गेली. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसेच करत होती, कारण खोट्यात नवलाई जास्त असते.

महाराष्ट्राने याची किंमत पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश तेव्हा व्हॉट्सअॅपवर राज्यभर फिरत होते. त्या संदेशांना बातमीदार नव्हता, तारीख नव्हती, ठिकाण नव्हते. घबराट पसरवणारी ओळ आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’ ही विनंती तेवढी होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठवलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली आणि अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले.

मथळ्याच्या चर्चेत राईनपाडा आणणे कोणाला टोकाचे वाटेल. पण ‘जास्त पसरते ते चांगले’ हे मोजमाप एकदा स्वीकारले, की त्या मोजमापावर ती अफवा यशस्वी पोस्टच ठरते. भारतीय प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेत मथळा भडक नसावा आणि खालच्या मजकुराशी सुसंगत असावा, असे कलम आहे. फेसबुकवर पान चालवणाऱ्या कोणाला ते लागू होत नसले, तरी पाळायला कोणाची हरकत नाही.

मग लिहायचे कसे?

वरचे सगळे संशोधन आणि जुनी मराठी शीर्षके एकत्र ठेवली, तर एक सूत्र दिसते : काय घडले ते सांगा, कसे आणि का ते आत ठेवा. वाचकाला ठोस गोष्ट हाती द्या म्हणजे त्याला दरी जाणवेल. दोन नमुने करून पाहू.

समजा, महापालिका पाणी बंद ठेवणार असल्याची बातमी आहे. एक मथळा : ‘‘या’ भागात गुरुवारी पाणी नाही; तुमचा परिसर आहे का यादीत?’ यावर क्लिक भरपूर येतील, त्यातले निम्म्याहून अधिक लोक वैतागून परत जातील, कारण त्यांचा परिसर यादीत नसेल. दुसरा मथळा : ‘कोथरूड, वारज्यात गुरुवारी पाणी बंद; शुक्रवारी कमी दाबाने’. क्लिक कमी, पण कोथरूडकर तो मथळा सोसायटीच्या ग्रुपवर टाकेल आणि पुढच्या वेळी पाण्याची बातमी शोधायला त्याच ठिकाणी येईल. भागाचे नाव पहिल्या शब्दातच आहे, कारण मोबाइलवर ओळ शेवटी कापली जाते, सुरुवातीला नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्य पूर्ण करण्याच्या नादात महत्त्वाचे नाम मागे पडू द्यायचे नाही. क्रियापद गाळून अर्धविरामाने दोन तुकडे जोडणे ही मराठी डेस्कची जुनी सोय इथे फार उपयोगी पडते.

दुसरा नमुना लेखाचा. ‘मराठी पत्रकारितेचा इतिहास : एक दृष्टिक्षेप’ हे शीर्षक प्रबंधाला शोभते, पोस्टवर ते मेले. त्याच लेखातली एक खरी गोष्ट उचला. ‘दर्पण’च्या पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असत. आता शीर्षक होते : ‘मराठीतले पहिले वर्तमानपत्र अर्धे इंग्रजीत का होते?’ इथे कुतूहल आहे, पण लपवाछपवी नाही. ज्याने फक्त मथळा वाचला, त्यालाही एक खरी माहिती मिळाली. ज्याला कारण हवे, तो आत येईल. लेखातली सर्वात अनपेक्षित खरी गोष्ट शोधा आणि ती वर ठेवा, बहुतेक वेळा एवढेच पुरते. अशी गोष्ट सापडत नसेल, तर दोष मथळ्यात नसून लेखात आहे.

पोस्टबद्दल काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. फेसबुक लांब मजकूर कापून ‘आणखी पाहा’ दाखवते. त्यामुळे ‘नमस्कार मित्रहो, आज तुमच्यासमोर एक विषय मांडणार आहे’ यात वरच्या ओळी खर्च करू नयेत. दुवा देताना मथळाच पुन्हा टंकू नये. लेखातले एक ठोस वाक्य, एक आकडा किंवा आपले स्पष्ट मत द्यावे. एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगावी. फोटोवर मजकूर घालायचाच, तर तो मोबाइलवर चष्म्याशिवाय वाचता यावा. जोडाक्षरे बारीक टंकात एकमेकांत मिसळतात. भाषा बोलण्याजवळची असावी. ‘करण्यात आले आहे’पेक्षा ‘केले’ केव्हाही बरे. मराठी शोधणारे अनेक जण रोमन अक्षरांत टंकतात, म्हणून गावाची, माणसांची, संस्थांची नावे नेहमीच्या, ओळखीच्या रूपातच लिहावीत.

व्हॉट्सअॅपसाठी तर एक नियम सक्तीचा करावा : तारीख. ‘उद्या शाळांना सुट्टी’ हा संदेश एकदा सुटला की पावसाळ्यात कधीही परत येतो आणि प्रत्येक वेळी खराच वाटतो, कारण ‘उद्या’ कधी जुना होत नाही. ‘मंगळवार, १५ जुलै २०२५ रोजी सुट्टी’ असे लिहिले, तर तो संदेश आपोआप बाद होतो. ठिकाण, तारीख आणि कोणाच्या आदेशाने, या तीन गोष्टी पहिल्या दोन ओळींत असाव्यात.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता क्षणात वीस मथळे देतात. ‘अपवर्दी’चा पंचवीस मथळ्यांचा कष्टाचा नियम त्यामुळे फुकट झाला. पर्याय म्हणून ते वापरायला हरकत नाही. पण ही साधने नेटवर जे भरपूर आहे तेच परत देतात, आणि मराठी नेटवर भरपूर काय आहे ते सुरुवातीलाच पाहिले. वीसमधले एकोणीस फेकण्याची नजर माणसाकडेच लागते. मथळा खालच्या मजकुराशी ताडून पाहण्याचे कामही कोणावर सोपवता येत नाही.

काय मोजायचे?

शेवटी प्रश्न मोजमापाचा उरतो. जाहिरातगुरू डेव्हिड ओगिल्व्ही यांनी साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवले, की मजकूर वाचणाऱ्यांच्या पाचपट लोक फक्त मथळा वाचतात. आताच्या आकड्यांनी त्यांचे म्हणणे आणखी पक्के केले आहे. क्लिक म्हणजे दुकानात डोकावलेले गिऱ्हाईक. किती जण शेवटपर्यंत थांबले, किती जणांनी कोणाला तरी स्वतःहून पाठवले आणि त्यातले किती महिन्याभरात पुन्हा आले, यावर वाचकवर्ग ठरतो. छोट्या लेखकाला हे आकडे महागड्या साधनांशिवायही मिळतात. फेसबुक पान, यूट्यूब वाहिनी आणि व्हॉट्सअॅप चॅनल तिन्ही ठिकाणी ते कमी-अधिक दिसतात. ते आठवड्यातून एकदा पाहावेत. दर तासाला पाहिले तर ते लेखणीचा ताबा घेतात.

एका कसोटीवर मथळा घासला तर वरचा बहुतेक आढावा तिच्यात सामावतो. हा मथळा पुढे पाठवणाऱ्या चारातले तीन जण लेख न उघडताच तो पाठवतील, हे गृहीत धरा. मग पाहा, नुसत्या त्या ओळीतून त्यांच्यापर्यंत खरी गोष्ट पोहोचते का. पोहोचत असेल, तर तो मथळा हवा तितका चटकदार करा, टिळकांसारखा प्रश्न विचारा, कोल्हटकरांसारखी फोडणी द्या. कोणाचे काही बिघडत नाही. पोहोचत नसेल, तर कितीही क्लिक मिळोत, तो मथळा छापू नका.